जानराव भोंगेवाले आणि वेबसाइटवरची गर्दी

मोर्शीत जाऊन नुसतं 'जानराव' म्हटलं तर माणूस विचारतो, "कोनता?" 'भोंगेवाले' म्हटलं की मात्र तो आधी कानांवर हात ठेवतो आणि मग घर दाखवतो. उभी हयात या माणसानं ऑटोवर भोंगा बांधून तालुकाभर बोंबलण्यात घालवली. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, कुस्त्यांची दंगल, हरवलेली म्हैस, कुणाची अंत्ययात्रा, काही म्हणजे काही त्याच्या तावडीतून सुटलं नाही. निवडणुकीत तर तो सकाळी एका पक्षाचा आणि दुपारून दुसऱ्याचा. कुणी टोकलं की म्हणायचा, "आवाज भाड्याचा हाये बावा, मत घरचं हाये."

धंद्याबद्दल त्याचं एकच म्हणणं होतं. माणूस बोलावल्याशिवाय येत नाही, आणि दणकून बोलावलं की आल्याशिवाय राहत नाही. गर्दी गोळा करणं आपलं काम, पुढे माल खपतो की नाही हे दुकानदाराचं नशीब. साड्यांच्या सेलला त्यानं आणलेली निम्मी गर्दी नुसती पंख्याखाली बसून घरी जायची, पण तिचा हिशेब त्यानं कधी ठेवला नाही.

घरचा संत्र्याचा बगीचा होता, तो उभा राहिला मैनाबाईच्या जिवावर. जानरावची बायको तोंडानं तिखट आणि हातानं कष्टाळू. नवरा गावोगाव ओरडत फिरे, ही झाडांच्या बुडाशी आळी करी. आंबिया बहाराची फळं पिवळी पडू लागली की व्यापारी यायचा, झाडांकडे आणि मग मैनाबाईच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि दोन्हींत खोट काढून सगळा बगीचा एकरकमी ठोक्यात उचलायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग सून आली, आरती. माहेर अकोल्याचं. अकोल्याच्या उन्हात वाढलेली पोरगी, ती व्यापाऱ्याचं काय ऐकून घेते! पहिल्याच बहाराला तिनं त्याला तोंडावर सांगितलं, "भाऊ, तुमी फुकटच न्या न मंग, इतकं कायले कष्ट घेता?" व्यापारी गेला तो गेलाच. आता बगीचा विकायचा कुणाला, हा प्रश्न घरात येऊन बसला.

त्यातच नितेशचं दुसरं सुरू झालं. नितेश म्हणजे जानरावचा एकुलता एक. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या युनिटमध्ये सुपरवायझर होता, आणि कंपनी त्याला पुण्याच्या ऑफिसात बोलवत होती. आरतीला जायचं नव्हतं. तिला बगीचा आवडायचा आणि मैनाबाईच्या हाताखाली ती कलमं बांधायलाही शिकली होती. शेवटी नवराबायकोत ठरलं की यंदाचा बहार आपण वेबसाइट काढून थेट गिऱ्हाइकाला विकून बघू. जमलं तर राहू, नाही जमलं तर बहार संपताच पुणे. बगीचा मग ठोक्यात द्या नाहीतर विकून टाका.

हे जानरावनं ओसरीवरून ऐकलं. पोरगा पुण्याला जातो म्हणजे काय होतं, ते त्यानं आळीत पाहिलं होतं. पहिल्या वर्षी पोरं दिवाळीला येतात, मग दिवाळीला फोन येतो, मग फोटो येतो. त्या रात्री तो मैनाबाईला म्हणाला, "गर्दी पायजे न त्यायले? मी आनतो. जलमभर दुसऱ्याले आनली, आता पोराले नाही आननार काय?"

"तुमी काही आनू नका," मैनाबाई म्हणाली. "गप बसा, तेच लय होईन."

मैनाबाईचं ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण नवरे जर बायकांचं ऐकत असते तर जगात सांगण्यासारखं उरलं असतं काय?

वेबसाइटसाठी आरतीनं अमरावतीचा एक माणूस धरला. नाव धर्मेंद्र, आणि 'उंच भरारी डिजिटल' ही त्याची कंपनी. कंपनी म्हणजे तो, एक काचेचं दार आणि दारामागे एसी. गळ्यात स्वतःच्याच ऑफिसचं ओळखपत्र घालून तो स्वतःच्याच ऑफिसात बसायचा. मोर्शीला आला तेव्हा त्यानं बगीच्याकडे पाठ करून फोटो काढले, संत्रा खाल्ला, बिया खिशात टाकल्या आणि ओसरीवर बसून व्याख्यान सुरू केलं.

"काका, आजकाल दुकान रस्त्यावर नसतं, फोनमध्ये असतं. तिथं माणसं येणं म्हणजे ट्रॅफिक. कुणी 'संत्री' शोधलं की आपली जाहिरात सगळ्यात वर दिसणार. तिच्यावर बोट दाबलं की माणूस सरळ आपल्या वेबसाइटवर. जितके जास्त लोक दाबतील तितकं चांगलं. ट्रॅफिक इज गॉड!"

जानराव भारावून गेला. पोरगा शिकलेला दिसतो, बोलतो मात्र आपल्यासारखंच, असं त्याला वाटलं. आता यापुढे धर्मेंद्रनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. जाहिरातीवर कुणीही बोट दाबलं की प्रत्येक वेळी आपल्या खात्यातून पैसे कापले जातात, आणि त्या दिवसापुरते ठेवलेले पैसे संपले की जाहिरात दिसेनाशी होते, ती थेट दुसऱ्या दिवशीच उगवते. पण हे त्यानं सांगितलं तेव्हा जानराव ओसरीवर नव्हताच. तो श्यामच्या पानठेल्यावर पोचला होता.

श्यामचा पानठेला म्हणजे मोर्शीचे कान आणि तोंड दोन्ही. जानरावनं तिथं फोन काढला, श्यामकडून 'मोर्शीचे संत्रे' असं टाईप करून घेतलं, आणि खरंच की हो! सगळ्यात वर सूनबाईची जाहिरात. जानरावची छाती फुगली. त्यानं दाबलं. श्यामनं दाबलं. पानाला आलेल्या चौघांनी दाबलं.

"अजून एकदा दाबू काय?" श्यामनं विचारलं.

"दाब न बावा! दाबाले कोनाच्या बापाचे पैसे लागते काय?"

लागत होते. त्याच्याच पोराचे लागत होते. पण हे त्याला सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी जानरावनं भोंगा पुसला, ऑटोवर चढवला आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या घरच्या कामासाठी माईक हातात घेतला. "लक्ष द्या, लक्ष द्या! मोर्शीकर बंधू आणि भगिनींनो, आपल्या गावची सून आरती हिनं संत्र्याचं दुकान मोबाईलमध्ये टाकलं हाये. सकाळी उठल्याबरोबर एकदा आणि जेवल्यावर एकदा, प्रत्येकानं जाहिरातीवर बोट दाबावं. गावच्या लेकीबाईचं काम हाये, कोनी आळस करू नये. शनिवारी मारुतीच्या पारावर रोडग्याचं जेवण ठेवलं हाये. दाबजा बरं, आणि जेवाले येजा!"

वऱ्हाडात माणसाला नुसतं बोलावलं तर तो येतो, पण रोडग्याला बोलावलं तर घरातल्या पाहुण्यालाही घेऊन येतो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण आणि तुपाची धार. अर्धी मोर्शी पारावर बसली. जानराव पंगतीतून तुपाचं भांडं घेऊन फिरत होता, पण कुणाच्या पानात धार सोडण्याआधी म्हणायचा, "पयले फोन दाखव. दाबलं काय?" माणसं एका हातानं भाजी कालवत, दुसऱ्या हातानं दाबत. पार्वताबाई नावाच्या म्हातारीकडे फोन नव्हता, तिनं शेजारणीच्या फोनवर दाबून आपला धर्म राखला. आणि गावाचं प्रेमही खरंच होतं, खोटं कशाला बोला! जेवण झालं, पानं उचलली, तरी लोक दाबतच राहिले. सकाळी नळाला पाणी आलं की बाया दाबायच्या. एसटीची वाट पाहताना मास्तर दाबायचे. पुण्यातला माणूस उठून चहा घेऊन संत्री शोधेपर्यंत दिवसाचे पैसे मोर्शीनंच संपवलेले असायचे आणि जाहिरात गुडुप.

घरी आरती रोज आकडे बघायची आणि चक्रावून जायची. माणसं येत होती, धो धो येत होती. थांबत नव्हती, बोलत नव्हती, घेत तर अजिबात नव्हती. झाडावर फळ पिकून लोंबत होतं. नितेश संध्याकाळी अंगणात उभा राहून पुण्याच्या साहेबांशी हळू आवाजात बोलायचा. जानरावला तो हळू आवाजच सहन व्हायचा नाही. मग तो आणखी चार वस्त्यांवर ऑटो फिरवून यायचा. मोर्शी झाली, आता शेजारची गावं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही शेपटीला आग लागलेला.

धर्मेंद्रला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्यानं फोन केला, "मॅम, काय ट्रॅफिक आहे! मी आजवर असा आलेख बघितला नाही. अमरावतीत माझी कार्यशाळा आहे, तिथं तुमचा सत्कार करतोय. काकांनाही आणा."

"दादा, एक पेटी इकल्या नाही गेली," आरती म्हणाली.

"विक्री काय, मागून येतेच मॅम. आधी ट्रॅफिक."

कार्यशाळा राजकमल चौकाजवळच्या एका हॉलमध्ये होती. आरतीला शाल, श्रीफळ आणि प्लॅस्टिकचं एक चमकणारं सन्मानचिन्ह मिळालं. जानराव इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "सून हाये माही. आणि गर्दी मी आनली." शेजारचा म्हणाला, "अस्सं काय!" आणि जरा सरकून बसला.

धर्मेंद्रनं पडद्यावर आलेख दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं महाराष्ट्राचा नकाशा दाखवला, कुठून कुठून माणसं आली ते सांगायला. पुण्यावर एक मोहरीएवढा ठिपका होता, नागपूरवर तेवढासुद्धा नव्हता, आणि वर उजवीकडे कोपऱ्यात एक लालभडक डाग पसरला होता.

"हा बघा हॉटस्पॉट!" धर्मेंद्र ओरडला. "इथल्या जनतेला आपली संत्री वेड्यासारखी हवी आहेत!"

आरती स्टेजवरून उठली, पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "दादा, हे मोर्शी आहे."

अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला नकाशा कळो न कळो, मोर्शीत संत्री विकत घेणारा माणूस जन्माला यायचा आहे एवढं कळतं. मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मोर्शीला जाहिरातीतून वगळायचं असतं, हे ज्यानं पैसे घेतले त्यालाच सुचलं नव्हतं. पण धर्मेंद्र काय कच्च्या गुरूचा चेला होता? त्यानं माईक घट्ट धरला.

"मित्रांनो, याला म्हणतात शत्रूचा हल्ला! कुणीतरी मुद्दाम माणसं लावून यांच्या जाहिरातीवर बोटं दाबतोय. प्रत्येक बोटामागे यांचे पैसे जातात, आणि खरं गिऱ्हाईक यायच्या आत जाहिरात बंद पडते. मॅम, ज्यानं हे केलं ना, त्याला तुमचं घर मोडायचंय. तो जवळचाच माणूस असणार!"

लोक माना वळवून एकमेकांकडे बघू लागले. जानरावच्या शेजारचा माणूस परत जवळ सरकला आणि जानरावकडे नीट पाहू लागला. जानरावच्या आता कुठं ध्यानात आलं. आपण पोरासाठी गर्दी आणली, आणि तीच गर्दी पोराला घरातून बाहेर ढकलत होती. पहिल्यांदाच त्याला आपल्या आवाजाची लाज वाटली.

परतीच्या एसटीत त्यानं आरतीला खिडकीची जागा दिली. मग म्हणाला, "आरती, त्यो शत्रू मी हाये."

"काय मामाजी?"

त्यानं सगळं सांगितलं. पानठेला, भोंगा, रोडगे, तुपाची धार, सगळं. आरती आधी ऐकत राहिली, मग तिला हसू आलं, ते आवरेना, आणि हसता हसताच ती रडायला लागली. कंडक्टर तिकडून ओरडला, "काहून रडून राहिली बाई, पाकीट गेलं काय?"

"मामाजी," डोळे पुसत ती म्हणाली, "तुमी मले इचारलं असतं तर?"

"इचारलं असतं तर तू नाही म्हनली असती."

"हव!"

"मंग मी काय केलं असतं? पोरगा पुन्याले चालला न माय. मले बोंबलन्याशिवाय येते काय दुसरं?" म्हातारा रडवेला झाला होता. त्याच्यावर रागवायचं तरी कसं! आरतीनं मांडीवरची सत्काराची शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

घरी मैनाबाईनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "ज्या तोंडानं बोलावलं, त्याच तोंडानं आता वापस पाठवा." नितेश उठला. तो आत गेला आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढल्याचा आवाज आला. बॅग नुसती पुसायला काढली, असं तो नंतर म्हणाला, पण जानरावनं त्या आवाजाचा अर्थ घ्यायचा तोच घेतला.

सकाळी ऑटो निघाला. "लक्ष द्या, लक्ष द्या! मोर्शीकर बंधू आणि भगिनींनो, हात जोडून सांगतो, आमच्या सूनबाईच्या जाहिरातीवर आता कोनीही बोट ठेवू नका. तुमी दाबलं की आमचे पैसे जाते. तुमचं प्रेम पोचलं, पुरे झालं. ज्याच्या वावरात संत्र्याचं झाड हाये त्यानं दाबू नये. ज्यायले झाडावरचा संत्रा पाहून सालं झाले, तिकडं मुंबई-पुन्यात जे पोट्टे पोटासाठी पडून हायेत, त्यायच्यासाठी ते जाहिरात हाये. त्यायच्या वाटचं आपन खाऊ नये. हा सारा घोटाळा या जानरावच्या बैताडपनानं झाला. सूनबाईचा काही दोष नाही. गावानं माफ करा. अधिक माहितीसाठी संपर्क..." आणि जन्माच्या सवयीनं त्यानं शेवटी आपला फोन नंबर दोनदा सांगितला.

गाव काही लगेच माफ करत नाही. पानठेल्यावर कुणी म्हणालं, "रोडगे खाऊ घालून आता दाबू नका म्हनते, हे काय पोरखेळ होय?" श्यामनं तर गंमत म्हणून सगळी घोषणा फोनमध्ये रेकॉर्ड केली आणि 'भोंगेवाल्यानं सुनेचा धंदा बुडवला' असं लिहून मोर्शीच्या व्हॉट्सॲप गटावर सोडली. चेष्टाच करायची होती त्याला, दुसरं काय! त्या गटावरून ती वरूड-अचलपूरच्या गटांवर गेली, आणि तिथून पुण्याला गेलेल्या पोरांच्या गटांवर.

दुसऱ्या दिवशी जानरावचा फोन वाजायला लागला.

"काका, मी वाकडवरून बोलून राहिलो. तुमचं आयकलं. माह्या मायचा आवाज आठोला, खोटं नाही सांगत. दोन पेट्या पाठोता काय?"

"अरे बावा, वेबसाइटवर टाक न ऑर्डर!" आरतीनं बाजूनं खुणावलं म्हणून जानराव म्हणाला.

"नाही काका, तुमी दाबू नका म्हनलं न! तुमचे पैसे जाते."

आरतीनं फोन घेऊन समजावलं, की दादा, आता तुम्हीच दाबा, तुमच्यासाठीच ती आहे. पण कुणी ऐकेल तर शपथ! खराडीचा, हडपसरचा, पिंपरीचा, ठाण्याचा, जो तो जानरावलाच फोन करी आणि वर ठणकावून सांगे, "काका, आमी अजाबात दाबलं नाही बरं!" धर्मेंद्रचा घाबऱ्या आवाजात फोन आला, "मॅम, ट्रॅफिक शून्यावर आलंय. तातडीनं काहीतरी करायला हवं."

"हव दादा," आरती म्हणाली, "बगीचाही शून्यावर येऊन राहिला. आता फोन ठेवा, पेट्या भराच्या हायेत."

पुढे धर्मेंद्रनं कार्यशाळेत 'उलटी जाहिरात' म्हणून हे सगळं आपल्या नावावर शिकवायला सुरुवात केली आणि त्याची फी वाढवली, असं ऐकतो. त्याचं भलं होवो.

बहाराच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात पेट्यांची रांग लागली होती. मैनाबाई आणि आरती फळं पुसून भरत होत्या, जानराव टेप फाडून देत होता आणि नितेश पेट्यांवर नावं टाकत होता. सुरुवातीला त्याला गंमत वाटली. "अबे, हा धर्मपाल तर दहावीले माह्या बाकावर होता! आता बावधनले राहते वाटते. हा आपला चंद्रभान, याच्या वावरात आमी बोरं खाले जात होतो." मग हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं. नाव टाकायचं, पत्ता टाकायचा, पुढची पेटी ओढायची. गावातली सगळी पोरं त्या रांगेत होती, आणि एकाही पेटीवर गावाचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याचे साहेब. जानरावच्या हातातली टेप तशीच राहिली. मैनाबाईनं संत्रा पुसणं थांबवलं. आरती तर पेटीतच बघत बसली.

"नाही सर," नितेश म्हणाला. "नाही, पगाराचं नाही. माझ्याऐवजी दुसरं कुणी घ्या." तिकडून काहीतरी विचारलं असावं. नितेशनं पेट्यांच्या रांगेकडे पाहिलं. "काय सांगू सर, आमचे सगळे तिकडंच जाऊन बसले. त्यायले संत्रे पाठवाले कोनीतरी इकडं लागन न."

त्यानं फोन खिशात टाकला आणि बापाकडे वळून पाहिलं. जानरावच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानं नाक ओढलं आणि गुरकावला, "माह्या तोंडाकडं काय पाहून राहिला बे? धर बुडाकडून! टेप नीट नाही लागली अन् रस्त्यात पेटी फुटली, तर सारे पुन्यावाले तुह्या बापालेच फोन करतीन."